दोन सूत

"मॅडम, यंत्र फिरंना!"

शनिवारी सकाळी कुपवाडच्या शेडचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात झिशान ओरडला. दहावीच्या मुलांनी सहा महिने खपून हळकुंडं पॉलिश करायचं हे छोटं यंत्र बनवलं होतं. शेड एरवी शनिवारीच भरायची; काल संध्याकाळी तयारीसाठी मुद्दाम उघडली, तेव्हा ते एका बोटानं फिरत होतं. आज हँडल अर्ध्यातच अडकत होतं, आणि दुपारी शेवटची तपासणी होती.

आसिया मुजावर या कार्यशाळेच्या प्रमुख. एरवी शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुलं चुकली की त्या आधी मोजायच्या, मग रागवायच्या.

"दोन सूत बाजूला हो रं," झिशानला सरकवत दिलावरचाचा आले. निवृत्त टर्नर, वय अडुसष्ट. बायको गेलेली, मुलगा दुबईत. शेडमागच्या खोलीत राहायचे. मुलांना कानस धरायला त्यांनीच शिकवलेलं.

"बुश गेला असंल," चाचा यंत्राला हात न लावताच म्हणाले. "नवा करायला चार शनिवार तरी जातील. तपासणी फुडं ढकला."

"काल शेवटी कोण होतं?" आसियांनी विचारलं.

झिशाननं मंगलकडे बोट दाखवलं.

मंगल जतकडची, वसतिगृहात राहणारी. तिचे वडील बिराप्पा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर. कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणलंस तर डिप्लोमा, नाहीतर घरी ये, असं त्यांनी बजावलं होतं. आणि यंत्राशी खेळणाऱ्याचं नाव प्रमाणपत्रातून कापायचं, हा शेडचा नियम होता.

"काय केलंस तू?"

"फडक्यानं पुसलं आन् शेडची किल्ली चाचांकडं दिली. आईच्यान, मॅडम!"

"बुशाला ड्रिल लावलंस?"

"न्हाई."

"मग आपोआप झालं व्हय?" झिशान म्हणाला.

बाकीची मुलंही तिच्यापासून बाजूला झाली. मंगल बाकावर एकटीच रडत बसली. चाचा खाली बघून कानस पुसत राहिले.

आसियांनी यंत्र उघडलं. शाफ्ट ज्यात फिरतो, त्या पितळी बुशाचं सहा मिलिमीटरचं भोक मोठं झालं होतं. शाफ्ट त्यात डुलत होता, म्हणून चाकांचे दाते अडकत होते. व्हर्नियर लावला. सहा पॉइंट पस्तीस मिलिमीटर. शेडची ड्रिलची पेटी बघितली. सहाचं ड्रिल होतं, त्यापुढचं थेट साडेसहाचं.

त्यांनी तीनदा मोजलं. आलेलं उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही.

"चाचा, तुमची जुनी हत्यारांची पेटी आणा."

चाचा जागचे हलले नाहीत.

"आमच्या ड्रिलनं हे भोक पडूच शकत नाही," आसिया म्हणाल्या. "सहा पॉइंट पस्तीस म्हणजे पाव इंच. आठ सुतांचा इंच, म्हणजे दोन सूत. ही मुलं मिलिमीटरवर वाढलीत. सुतात मोजणारे, सुताची ड्रिलं बाळगणारे इथे तुम्हीच. रात्रभर किल्लीही तुमच्याकडेच होती. यंत्र उघडायच्या आधीच बुश गेल्याचं तुम्हाला कळलं, आणि तासाभराच्या कामाला तुम्ही चार शनिवार मागितलेत. का, चाचा?"

"आज तपासणी झाली की शेड बंद," चाचा हळूच म्हणाले. "चाळीस वर्सं कारखान्यात गलका ऐकला. आता आठवडाभर माज्याशी कोन बोलत न्हाई, मॅडम. शनिवारचीच वाट बघतो. आनखी चार मिळालं असतं."

"मागायचे होते. मुलं आली असती."

"कशाला आली असती?"

आसियांनी किल्लीसाठी हात पुढे केला, आणि चाचांनी ती दिली.

नवा बुश मंगलनंच केला, पन्नास मिनिटांत, कुणाला हात लावू न देता. झिशाननं तिची माफी मागितली. दुपारी यंत्र फिरलं आणि प्रमाणपत्रावर तिचं नाव लागलं.

निघताना ती शटरपाशी थांबली.

"चाचा, मी रडत हुते तवा तुमी तितंच हुतासा. बोलला का न्हाईसा?"

"तुला घालवायचं नव्हतं गं पोरी. समद्यास्नी ठिवून घ्यायचं हुतं."

"पर जानार मीच हुते न्हवं?"

मंगल मुलांच्या मागोमाग रिक्षात बसली. रिक्षा सांगलीच्या रस्त्याला लागेपर्यंत चाचा तिथेच उभे होते.