बारीक रेघांचं पुस्तक

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सकाळी अकरा वाजता सांगितलं. मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. चष्म्यानं भागणार नाही, ऑपरेशन नाही. किती दिवसांत? सहा महिने म्हणा, दोन वर्षं म्हणा, नेमकं सांगता येत नाही.

ती एकोणतीस वर्षांची होती आणि रफूचं काम करायची. फाटलेल्या कापडाचे धागे असे विणायची की कुठं फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये.

दुपारी ती रिपोर्टची झेरॉक्स काढायला एका दुकानात शिरली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "मशीन तापायला वेळ आहे, बसा." बसायला जागा जिन्याजवळ होती. जिन्यावर पाटी होती : पुस्तकं तयार करून मिळतील, वर या. पाटी मोठ्या अक्षरांत होती म्हणून तिला बसल्या जागेवरून वाचता आली. ती वर गेली.

वर एक माणूस खिडकीतल्या उन्हात चार पुस्तकं पालथी मांडत होता.

"पुस्तकांना ऊन दाखवताय?" तिनं विचारलं.

तो दचकला. "आठ दिवस ठेवतो. डिंक कच्चा असला तर पान सुटतं. छापणारा खरं बोलला की खोटं, ते उन्हात कळतं."

"माणसांचं कळतं का असं?"

"माणसं आठ दिवस पालथी पडून राहत नाहीत."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. त्याला अर्थातच ते ठाऊक नव्हतं.

त्याला गल्लीत सगळे जुळारी म्हणत. त्याचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तो कॉम्प्युटरवर पानं लावायचा, तरी नाव तेच चिकटलं होतं. खालच्या झेरॉक्सवाल्या बाई त्याच्या वहिनी.

"माझं एक पुस्तक आहे," ती म्हणाली. "दोन वह्या भरल्यात. चौदा प्रकरणं, चौदा कपडे. कुणाचा कुठं फाटला, का फाटला, मी कसा सांधला. आणि विणीची चित्रं आहेत, मीच काढलेली. केसासारख्या रेघा."

"प्रकाशकांना दाखवलंत?"

"वर्षभरात कळवतो म्हणाले. मला वर्ष नाही हो." तिनं रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मला माझं पुस्तक माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. एकदाच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. कुणी वाचून दाखवलेलं नको."

जुळाऱ्यानं रिपोर्ट वाचला. मग तो कामाचंच बोलला.

"पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपन्या आहेत. आपण फाईल द्यायची, ते ठेवून घेतात. कुणी एक प्रत मागितली की एक छापतात, दहा मागितल्या की दहा. महिन्याभरात पुस्तक हातात येतं."

"मग त्यातली चांगली कुठली?"

इथंच त्याची खरी भीती होती. चार वर्षांपूर्वी त्यानं एका निवृत्त शिक्षकांना एक कंपनी सुचवली होती. कंपनी बंद पडली. फाईल परत मिळाली नाही, पुस्तकही नाही. ते गृहस्थ त्याला एक शब्द बोलले नाहीत, पण पुन्हा कधी जिना चढले नाहीत. तेव्हापासून जुळारी कुठल्याही कंपनीचं नाव घ्यायला घाबरायचा. आधी नमुन्याची प्रत मागवायची, आठ दिवस उन्हात ठेवायची, शंभर वेळा उघडमीट करायची, मग करारनामा ओळीन् ओळ वाचायचा, असा त्यानं स्वतःला नियम घालून घेतला होता.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

दोन आठवड्यांत त्यानं वह्या टाईप केल्या, पानं लावली, चित्रं स्कॅन केली. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड तिला सोसायचा नाही, डोळे मिटून घ्यावे लागायचे. म्हणून तो बोलायचा आणि ती ऐकायची. तीन कंपन्या निवडल्या होत्या. त्यानं कागदावर तीन रकाने आखले.

"पहिली कंपनी," त्यानं सुरुवात केली, "फोन लावला की पहिल्या घंटेला उचलतात. पण दर आठवड्याला नवीन काहीतरी मागतात. मुखपृष्ठाचे पैसे वेगळे, जाहिरातीचे वेगळे..."

"म्हणजे जावई."

"अं?"

"कितीही करा, काहीतरी राहिलेलंच असतं. जावई लिहा तिथं."

त्यानं रकान्यावर जावई लिहिलं. "दुसरी कंपनी फाईल दोनदा परत पाठवते. समास कमी आहे, चित्र काळं आहे, एक ना दोन."

"आत्याबाई."

"पण हक्क पूर्ण आपले ठेवते. कधीही बाहेर पडा म्हणते. आणि तिसरी सगळ्याला हो म्हणते. कागद? हो. आठ दिवसांत? हो. सगळीकडे विक्री? हो, हो. पण करारात पाच वर्षं पुस्तक त्यांच्याकडेच अडकतं."

"धाकटे काका. येतो म्हणतात आणि येत नाहीत."

खालून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, वर सोयरीक जमवताय की पुस्तक?"

जुळाऱ्याचे कान लाल झाले. ती त्याच्या कानाकडेच बघत होती. पहिल्या दिवसापासून ती तसंच बघायची, आणि त्याला वाटायचं की आपल्या कानाला काही लागलंय. आज त्यानं धीर केला.

"तुम्ही... माझ्या कानाकडे का बघता?"

"समोर बघितलं की मध्ये धुकं येतं," ती सहज म्हणाली. "तोंड बघायचं असलं की कानाकडे बघावं लागतं. कडेनं दिसतं मग." ती जरा थांबली. "बरं दिसतं."

"कान?"

"तोंड हो, जुळारी!"

त्या दिवशी त्यानं एकच परिच्छेद तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा चूक तशीच राहिली.

नमुन्याच्या प्रती यायला लागल्या. जावयाची प्रत वेळेवर आली. मुखपृष्ठ झकपक होतं, पण आत विणीच्या रेघा ठिपक्याठिपक्यांच्या झाल्या होत्या. ती पानावर बोट फिरवत म्हणाली, "ही वीण नाही, ही कसर लागलीय." काकांची प्रत आलीच नाही. फोन केला तर म्हणाले, निघालीय. आत्याबाईंची आली, रेघा स्वच्छ होत्या, पण सहाव्या दिवशी उन्हात पुस्तकाची पाठ तडकली. जुळाऱ्यानं तक्रार केली. त्यांनी दुसरी प्रत पाठवली.

ही दुसरी प्रत चांगली होती. आठ दिवस उन्हात राहिली, शंभर वेळा उघडली, एक पान हललं नाही. करार स्वच्छ होता. आता सही करायची, पुस्तक काढायचं, तिच्या हातात द्यायचं, एवढंच राहिलं होतं.

त्यानं ती प्रत खणात ठेवली.

शुक्रवारी ती आली तेव्हा तो म्हणाला, "पाठीचा रंग जरा फिका वाटतोय. अजून एक मागवू या."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि वेताच्या खुर्चीत बसून त्याला एका कोटाची गोष्ट सांगत राहिली. तो कोट एका म्हाताऱ्यानं सात वेळा रफूला आणला होता. सातव्या वेळी तिला कळलं की तो स्वतःच फाडून आणतो, कारण घरी बोलायला कुणी नव्हतं.

जुळारी ऐकत होता आणि खणाकडे बघायचं टाळत होता.

भीती दोन होत्या. पुस्तक काढलं आणि कंपनी बुडाली तर, ही जुनी. पुस्तक झालं की ती जिना चढायची बंद होईल, ही नवी. पहिली तो सगळ्यांना सांगायचा. दुसरी त्यानं स्वतःलाही धड सांगितली नव्हती. पाठीच्या रंगानंतर कागदाचा पिवळेपणा निघाला, मग पानांच्या आकड्यांची जागा. पाच आठवडे गेले.

"भाऊजी," वहिनींनी एक दिवस जेवताना विचारलं, "ते पुस्तक केव्हाच झालंय ना?"

"थोडं राहिलंय."

"पुस्तकात काही राहिलं नाही. तुमच्या तोंडातनं निघायचं राहिलंय. तिच्या डोळ्यांना तुमच्यासाठी थांबायला कुणी सांगितलंय का?"

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

मंगळवारी त्यानं खणातली प्रत काढून तिच्या हातात दिली. तिनं खिडकीजवळ नेऊन उघडली. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. पुस्तक वर केलं, खाली केलं. ओळीवर बोट ठेवलं. बोट पुढं जायचं आणि परत मागं यायचं. जुळारी बघत होता. एक ओळ वाचायला तिला किती वेळ लागला ते त्यानं मोजलं नाही, त्याचं धाडस झालं नाही.

"अक्षर बारीक केलंत का?" तिनं विचारलं.

"नाही... तेच आहे."

"आत्याबाईंच्या पहिल्या प्रतीत मी वाचलं होतं. निम्मं पान वाचलं होतं."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. कागद सटासट पडत होते. तो आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"ही प्रत पाच आठवड्यांपूर्वी आली," जुळारी म्हणाला. "चांगली होती. मी खणात ठेवली."

"का?"

"मी भ्यालो."

"कशाला भ्यालात?" तिचा आवाज चढला. "भ्यायचं मी की तुम्ही? पाच आठवडे! पाच आठवड्यांपूर्वी मी सुईत दोरा ओवत होते, जुळारी! तुम्हाला काय वाटलं, हे डोळे काय धाकटे काका आहेत, उद्या येतो म्हणायला?"

ती पुस्तक घेऊन जिना उतरली. भिंतीला हात लावून, एकेक पायरी चाचपत. पूर्वी ती अशी उतरत नसे.

चार दिवस जुळाऱ्यानं दुसरं काम घेतलं नाही. पहिलं प्रकरण उघडलं आणि अक्षर वाढवलं. दुप्पट केलं, छापून खिडकीशी नेलं, डोळे बारीक करून कडेनं बघितलं. पुरेसं वाटेना. तिप्पट केलं. ओळी मोकळ्या केल्या, पानावर नऊच ओळी आल्या. चित्रातल्या रेघा हातानं जाड केल्या, एकेक. मग आत्याबाईंना फोन लावला.

"मोठ्या आकाराची एक आवृत्ती काढायचीय. एका वाचकासाठी. एकच प्रत."

पलीकडच्या बाईनं पुन्हा विचारलं, "एकच? बरं... निघेल. पण समास कमी ठेवू नका."

ती रफूला बसायची ती जागा एका धुलाईच्या दुकानाच्या कोपऱ्यात होती. इस्त्रीची गरम वाफ, ओल्या कापडाचा वास. प्रत आली त्या दिवशी जुळारी तिथं गेला. प्रत त्यानं उन्हात ठेवली नव्हती. एकदाही उघडमीट केली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच.

ती मांडीवर लोकरी शाल घेऊन बसली होती. नजर भिंतीकडे होती, बोटं भोकाच्या कडेकडेनं फिरत होती.

"कोण?"

"जुळारी."

बोटं थांबली. "काय राहिलं आता? पाठीचा रंग?"

"नाही. पहिलं प्रकरण आणलंय. मोठ्या अक्षरात. नाही जमलं तर अजून मोठं करतो."

तिनं पुस्तक घेतलं. चांगलं मोठं होतं, हिशेबाच्या चोपडीएवढं. मान वळवली. जुळारी तिच्या बोटाकडे बघत राहिला. हिला दिसलं नाही तर... तर काय करायचं, ते त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"पहिला कपडा," ती वाचायला लागली. अडखळत, पण वाचत होती. "पहिला कपडा माझ्या आईचा होता. बाहीला... खिळा लागून फाटलेला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते." तिनं पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

"रडताय?"

"डोळे अजून त्या कामाला चांगले आहेत." तिनं पदरानं नाक पुसलं. "एक सांगू? मला ठाऊक होतं."

"काय?"

"प्रत चांगली आहे ते. पाठीचा रंग फिका आहे म्हणालात तेव्हाच. खोटं बोलताना तुमचा आवाज उंच होतो."

"मग मागून का नाही घेतलीत?"

ती शालीचे दोरे सारखे करत राहिली. "पुस्तक मिळालं असतं तर मंगळवारी कुठं गेले असते?" मग हळूच म्हणाली, "तुमच्यावर ओरडले ना, त्यातलं अर्धं माझ्यावर होतं."

इस्त्रीवाल्यानं वाफ सोडली.

"मी वाचून दाखवीन, असं म्हणणार नाही," जुळारी म्हणाला. "तुम्हाला ते नकोय. पण पानं लावत जाईन. तुम्ही वाचाल तेवढी. रोज. दुकानातनं किंवा... घरातनं. एकाच घरातनं, म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

"ही मागणी आहे की करारनामा?"

"मागणीच आहे."

"मुदत किती? पाच वर्षं अडकवून ठेवणार?"

"त्याहून जास्त."

"आणि मधेच अंधार झाला तर?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "तुम्हाला वाटते तेवढी नसेल. पण वाटते."

ती त्याच्याजवळ सरकली. हात पुढं करून तिनं त्याची बाही धरली, कापड बोटांत घेऊन चाचपलं. "बटण सैल झालंय," ती म्हणाली. "काढून द्या, लावते. आणि हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो, जुळारी. सगळं काय छापूनच द्यायचं?"

लग्न साधंच झालं. वहिनींनी वरची खोली झाडून दिली आणि खिडकीला जाड पडदा लावला. ती सकाळी, उजेड कोवळा असतो तेव्हा, पाऊण तास वाचते. आधी तास वाचायची. तो शेजारच्या टेबलावर पुढची पानं लावतो. तिसऱ्या प्रकरणाला अक्षर पुन्हा वाढवावं लागलं, पानावर आता सहा ओळी बसतात. आत्याबाई दर वेळी फाईल एकदा परत पाठवतात. तेवढे चार दिवस तो धड जेवत नाही.

पुस्तकाची चौदा प्रकरणं आहेत. मोठ्या अक्षरातली तीन झाली. अकरा राहिली आहेत.