इंग्रजी हद्दीतलं काळवीट

गनीभाई बीडच्या करोडगिरी कचेरीत, म्हणजे निजामाच्या जकात खात्यात, कारकून होते. हद्दीवरून काय आणता येतं आणि काय येत नाही, हे त्यांना तोंडपाठ. म्हणूनच १९४३ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पाथर्डीकडे काळविटाच्या शिकारीला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तयारीलाच सव्वा महिना घेतला. पाथर्डी तालुका नगर जिल्ह्यातला. तो इंग्रजी मुलूख. बंदूक तिकडे न्यायची तर इकडचा दाखला हवा आणि तिकडचा परवाना हवा. त्यांनी नगरला अर्ज केला, उत्तर मोघम आलं म्हणून दुसरा केला. शेवटी शिक्क्याचा कागद हाती पडला. एकच नर मारायचा. मादी आणि पाडस वर्ज्य. बार दिवसाउजेडीच, आणि तोही परवानेदारानेच काढायचा. गावात शिरताच पोलीस पाटलाला वर्दी द्यायची.

"हा कागद हरणाला वाचून दाखवणार का, दुल्हेभाई?" मेहताबने विचारलं होतं.

मेहताब हा त्यांच्या बायकोचा, चांदबीचा, एकुलता एक भाऊ. बावीस वर्षांचा, गळ्यात बहिणीने बांधलेला तावीज. महिन्याभराने त्याचं लग्न होतं आणि त्याआधी घरात एक शिंगांची जोडी टांगायची त्याला हौस होती.

"आपल्या घरी आपला कायदा, दुसऱ्याच्या घरी त्याचा," गनीभाई म्हणाले. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

पहाटे हद्दीवरचा नाका ओलांडून दोघे दमणीतून निघाले. कासरा गनीभाईंच्या हातात होता. सकाळी नवाच्या सुमाराला तांबडवाडी आली. तांबड्या मुरमाचा माळ, त्यात उगवल्यासारखी वीस-पंचवीस घरं. ज्वारीची काढणी होऊन गेलेली, रानात नुसती सडं टोचत होती. आडावर चार बायका होत्या. दमणी थांबताच त्यांनी पाठ फिरवली. एकीने भरलेला पोहरा तिथेच मातीत पालथा केला.

"बाई, बैलांना पाणी मिळेल का?"

"आड आटलाय."

रहाटावरच्या दोरातून पाणी ठिबकत होतं. गनीभाईंनी तिकडे पाहिलं, तिनंही पाहिलं आणि ती निघून गेली.

पाटील सूर्यभान ओट्यावर बसून होते. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही. कागद लांब धरून वाचला, उलटा केला, परत दिला.

"ह्यो सरकारचा झाला. गावचा येगळा हाय."

"तोच विचारायला आलोय, पाटील."

"पळंल त्याला मारा. तुमच्याकडं तोंड करून हुबं ऱ्हाईल त्याला न्हाई."

"असं का?"

"का, ते कुठल्या कागदावर ऱ्हातं का?" पाटलांनी मेहताबकडे एकवार पाहिलं. "काम झालं की निघायचं. गावात थांबायचं न्हाई."

गनीभाईंनी परवान्याच्या पाठीवर पेन्सिलीने तेवढं एक वाक्य लिहून घेतलं. मेहताब तोंड दुसरीकडे करून हसला.

माळावर कळप सापडायला बारा वाजले. गावापासून कोसभर अंतरावर, बाभळीच्या विरळ सावलीत वीसेक जनावरं होती. दोघे बांधाआड पालथे पडले. मुरूम अंगाला भाजत होता. वारा समोरून होता, आडोसा चांगला होता. तरी मेहताबच्या टाचेखाली खडा करकरला आणि कळप उधळला. पांढरी पोटं एकामागून एक उसळली, आणि पाहता पाहता माळ रिकामा झाला.

एक नर मात्र जागचा हलला नव्हता.

पाठ कोळशासारखी काळी, शिंगांना चार पीळ. त्याने सावकाश मान वळवली, मग सगळं अंग वळवलं, आणि तो त्यांच्याच दिशेने चालत आला. चरत नव्हता. हुंगत नव्हता. पावलागणिक थोडा लंगडत होता, दमलेला माणूस उन्हातून घरी यावा तसा. चाळीस पावलांवर तो थांबला. त्याच्या उघड्या डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. पापणी लवत नव्हती.

गनीभाईंनी बंदूक खाली घेतली.

"हे नाही. चल."

बंदूक बांधावर ठेवून ते पाण्याची छागळ घ्यायला वळले. तेवढ्यात बार झाला.

काळवीट गुडघ्यावर बसलं, मग आडवं झालं. मेहताबच्या हातात बंदूक होती आणि तो हसत होता. गनीभाई त्याला बोलणार, तोच गावाकडून आवाज आला.

बायकांचं रडणं होतं ते. माणूस गेल्यावर घरातून आक्रोश उठतो, तसा गळा काढलेला. बंदुकीचा आवाज माळावर अजून घुमत होता.

पाच-सात मिनिटांत लोक आले. कोसभर रस्ता, आणि पाच-सात मिनिटं. चौघांच्या खांद्यावर तिरडी होती. बांबू हिरवे, सुतळीच्या गाठी आवळून बसलेल्या. ती आज सकाळीच बांधलेली असणार. कोणी ओरडलं नाही. कोणी गनीभाईंकडे पाहिलंही नाही. त्यांनी काळवीट उचललं, त्याचे पाय सरळ केले, अंगावर पांढरं कापड घातलं, गुलाल टाकला. सगळ्यांत पुढे राहीबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या मनगटांवर फुटलेल्या काकणांचे ताजे ओरखडे होते.

"पाटील, चूक झाली," गनीभाई म्हणाले. "दंड सांगा. वरती कळवायचं असेल तर मी स्वतः लिहून देतो."

"त्यात काय लिवायचं," सूर्यभान म्हणाले. सकाळचा करडेपणा त्यांच्या आवाजात उरला नव्हता. "राहीचा भिमाजी लई दीस झाले खोळंबला हुता. सुटला."

राहीबाई मेहताबसमोर येऊन उभी राहिली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, खांदे चाचपले, पोटऱ्यांना हात लावून पाहिला.

"पानी द्या गं ह्याला," ती म्हणाली. "उन्हाचा आलाय."

लगेच तांब्या आला. सकाळी पोहरा पालथा करणारीच तो घेऊन आली होती, आणि ती आता मायेने हसत होती. मेहताब घटाघट प्यायला. त्याने दुसरा तांब्या मागितला, मग तिसरा. गनीभाईंना कोणी विचारलं नाही. बैलांनाही नाही.

परतीच्या वाटेवर मेहताब दमणीत मागे बसला होता. पडदा सोडलेला होता. गनीभाईंनी त्याला कायद्यावरून बरंच सुनावलं. मग राग ओसरला.

"बरा आहेस ना?"

"पानी लई ग्वाड हुतं."

मेहताब घरी दखनी बोलायचा. असं गावाकडचं मराठी त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"थट्टा पुरे."

पुढचे दोन कोस बैल माना वाकड्या करून ओढत होते, फुरफुरत होते, दोनदा वाट सोडून रानात शिरले. मागे फळीवर काहीतरी खरडल्यासारखं वाजे आणि थांबे. पडदा हातभर अंतरावर होता. गनीभाईंनी तो उचलला नाही. आपण का उचलत नाही, हे त्यांनी स्वतःला विचारलंही नाही.

सूर्य बुडायच्या आत नाका आला. तिथे नूरमहंमद शिपाई होता, गनीभाईंच्या हाताखाली दोन वर्षं काढलेला. त्याने सलाम केला, कागद पाहिले, मागे गेला आणि पडदा वर केला.

बराच वेळ तो पुढे आला नाही. आला तेव्हा अवघडलेला होता.

"साहेब, बंदुकीचा दाखला बरोबर आहे. पण जिवंत जनावर आत आणायचं तर वेगळा पास लागतो. तुम्हाला मी काय सांगणार."

नियम गनीभाईंना ठाऊक होता. कलमही ठाऊक होतं. ते समोर बैलांच्या शिंगांकडे पाहत बसून राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. नूरमहंमदने कोरा पास दिला, टाक दिला. गनीभाईंनी तारीख घातली. जनावराची जात लिहिली.

"रंग?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"काळा, साहेब. पोट पांढरं," नूरमहंमद म्हणाला. "पाळलेलं दिसतंय. गळ्यात तावीज आहे."