दाताच्या डबीतलं दार

समोरच्यानं तोंड उघडलं की मी आधी त्याचे दात बघते आणि मग तो काय बोलतोय ते ऐकते. सवय वाईट आहे, मान्य. पण दिवसभर लोकांचे खोटे दात बनवणाऱ्या मुलीनं दुसरं काय बघावं?

त्यामुळे तो पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आला, ओल्या छत्रीचं पाणी पायपुसण्यावर निथळवत काहीतरी विचारू लागला, तेव्हा मला एवढंच दिसलं, की याच्या वरच्या पुढच्या दाताचा टवका उडालाय.

"बसा. कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?"

"डॉक्टरांनी नाही... मला तुमच्याकडून—" तो मध्येच थांबला आणि त्यानं हातानं तोंड झाकलं. "तुम्ही माझ्या दाताकडे बघताय का?"

"बघणारच. माझं काम आहे ते."

"पण मी दातासाठी नाही आलोय."

"मग दातांच्या लॅबमध्ये कशाला आलात? भाजी घ्यायला?"

आतल्या खोलीत मामा खोकला. गिऱ्हाइकाशी नीट बोल, असा त्या खोकल्याचा अर्थ. लॅब मामाची आहे. दात कोरून पोट भरत नाही असं कुणी म्हणालं, की तो मान डोलावून सांगतो, "आमचं भरतं."

त्या माणसाला हवी होती आमच्या ड्रिलची बोथट झालेली टोकं. आम्ही ती फेकून देतो, कारण दातावर ती चालत नाहीत. लाकडावर आणि प्लास्टिकवर मात्र चालतात म्हणे.

"कशाला हवीत?"

"लढाऊ जहाज बांधतोय."

"कुठे?"

"जेवायच्या टेबलावर," तो म्हणाला, आणि चुकून हसला. हसताना हात तोंडावर न्यायचं विसरला. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं, लॅबच्या एकुलत्या एका खिडकीतून समोरच्या इमारतीची ओली भिंत दिसत होती, आणि मला उगाचच वाटलं की हा माणूस फार दिवसांनी हसला असावा.

त्या वर्षी थंडीतही आभाळ उघडलं नाही. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती झिमझिम. मेणाचे साचे घट्ट होत नव्हते, प्लास्टर वाळत नव्हतं, मामाचे गुडघे धरले होते. आणि तो येत राहिला. आधी टोकांसाठी. मग नांगर ओतून मिळेल का विचारायला. मेणात वस्तू कोरायची, तिच्याभोवती साचा करायचा, मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे तर आमचं रोजचंच काम. नांगर काय आणि दाढ काय.

"एकास शंभर," तो मोजमाप समजावून सांगायचा. "म्हणजे शंभर सेंटिमीटरचं माझ्याकडे एक होतं. तुमचं म्हणाल तर... दीड सेंटिमीटर, वर थोडंसं."

"एवढं नीट बघितलंत मला?"

"बघणारच," तो म्हणाला. "माझं काम आहे ते."

माझ्या हातातली मेणाची सुरी घसरली. तो इमारती उभ्या राहायच्या आधी त्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायचा. खिडक्या, जिने, गच्च्या, सगळं पुठ्ठ्यात आणि प्लास्टिकमध्ये. त्यातून सुटला की घरी जाऊन जहाज. मी त्याला कप्तान म्हणू लागले. तो मला डॉक्टर म्हणायचा.

"मी डॉक्टर नाहीये."

"मी तरी कुठे कप्तान आहे?"

मग कधीतरी आमचं तुम्हीवरून तूवर आलं. कुणी आधी म्हटलं यावर अजून वाद आहे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तो हसायला लागायचा आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा. त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं का.

दोन खोल्यांचं घर. एका खोलीत जेवायचं टेबल, चार खुर्च्या, आणि टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ते करडं जहाज. इतकं बारीक काम मी दातातसुद्धा पाहिलं नव्हतं. केसाएवढे कठडे, बोटाएवढ्या होड्या, तोफा, दोरखंड. वरचे मजले डब्याच्या झाकणासारखे उचलता यायचे आणि आत खोल्या दिसायच्या. बिछाने होते, स्वयंपाकघर होतं, इंजिनं होती. टेबल असं अडल्यामुळे मायलेक ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायचे.

"बस जरा," तो म्हणाला. मी बसले.

त्याची आई समोर येऊन बसली. तिनं जहाजाच्या काठावरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघावं तसं. "मोठा माझा इंजिनावर होता," ती म्हणाली. "भर समुद्रात तळाला धडक बसली. पाणी शिरलं. जहाज परत आलं गं. तो तेवढा नाही आला." मग मुलाकडे वळून म्हणाली, "याला म्हटलं, मला दाखव तो कुठे राहत होता. मी कधी पाहिलंच नाही ना."

"आई, चहा उकळतोय," तो घाईनं म्हणाला.

निघताना जिन्यात तो माझ्याबरोबर दोन पायऱ्या उतरला. जिन्यातला दिवा गेलेला होता, भिंतींना ओल होती. त्यानं माझ्या छत्रीचा दांडा धरला. हात नव्हे, छत्रीचा दांडा. "मला तुला काहीतरी विचारायचंय," तो म्हणाला. "पण आधी... हे जहाज पुरं होऊ दे. ते तसंच टाकून मी आईसमोर स्वतःचं काही मांडू शकत नाही. थांबशील?"

"किती राहिलंय?"

"थोडंच."

मी थांबले. त्याच्या थोड्याचा अंदाज मला नव्हता. जहाज तर पूर्ण झाल्यासारखंच दिसत होतं. तरी दर वेळी गेलं की त्यानं कठडे काढून पुन्हा बसवलेले असायचे, नाहीतर रंगवलेल्या तोफेला पुन्हा रंग. "बस जरा," म्हणायचा, आणि मी बसायचे, आणि चहा प्यायचे, आणि त्या विषयाला तो हात लावायचा नाही.

"जरा, जरा," मी एकदा चिडवलं. "तुझ्या घरात पूर्ण बसायची सोय नाही का?"

तो हसला नाही. मला घरी जाताना रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं भर रस्त्यात आलं.

मामा गुडघ्याला मलम चोळत म्हणाला, "पोरी, हे भिजत घोंगडं आहे. ज्याला हो म्हणायचं नसतं ना, त्याचं काम कधी संपत नाही." मामा बोलतो खोचक, पण त्या दिवशी त्यानं माझ्या ताटात स्वतःची पोळी वाढली.

आणि मग एकदा तो गोंद आणायला खाली गेला असताना मी सहज वरचे मजले उचलून बाजूला ठेवले. तळाच्या मजल्यावर मधोमध अरुंद वाट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या खोल्या. आमच्या कामात एक दात गेला, की दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार बघून, त्याला उलटा धरून नवा घडवतात. डोळ्यांना तीच सवय. डावीकडच्या प्रत्येक खोलीला लोखंडी दार होतं, दाराभोवती ते आवळून बंद करायच्या मोहरीएवढ्या मुठी. उजवीकडेही तसंच. फक्त शेवटच्या खोलीला दार नव्हतं. सपाट, कोरी भिंत.

एवढंच अडलंय तर! मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. त्या मुठी करणं सोपं नव्हतं. बिचाऱ्याला जमत नसेल, सांगायला लाजत असेल. दार झालं की जहाज झालं, आणि जहाज झालं की...

मी कुणाला काही बोलले नाही. डावीकडच्या दाराचं माप घेतलं आणि लॅबमध्ये त्याचा जोडीदार घडवला. मेणात मुठी एकेक करून कोरल्या. दोन वेळा धातू ओतताना बिघडलं. तिसऱ्यांदा असं उतरलं की मामानंही भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "एवढं मन लावून कधी कुणाचा दात नाही केलास." ज्या डबीतून आम्ही दात पाठवतो, तिच्यात कापूस घालून ते दार ठेवलं.

रविवारी दुपारी मी गेले. बाहेर तीच झिमझिम, खोलीत भरदुपारी दिवा लावलेला. कप्तान तोफ रंगवत होता. आईनं माझ्या हातातली डबी घेतली.

"दात?"

"दात नाही काकू, दार!" मी म्हणाले, आणि माझं मीच हसले.

दुसरं कुणी हसलं नाही. आईनं दार तळहातावर घेतलं आणि खिडकीपाशी उजेडात नेलं. "कुठलं गं हे?"

"ते उजवीकडच्या शेवटच्या खोलीचं. डावीकडे आहे ना, मग उजवीकडे राहूनच गेलंय, म्हणून मी..." माझा आवाज आपोआप बारीक झाला. कप्तानाच्या हातातला ब्रश खाली आला होता आणि करडा रंग टेबलावर ओघळत होता. त्याचा चेहरा आमच्या प्लास्टरसारखा झाला होता.

"त्या खोलीला दार नाही," तो म्हणाला. "मी सांगितलंय ना आई तुला... वरून शिडी होती. ती तुटली. म्हणून दादाला बाहेर येता आलं नाही."

"हो. सांगितलंस."

आईनं ते दार बोटानं उलटं केलं. मागची बाजू गुळगुळीत होती. सगळ्या मुठी एकाच बाजूला, वाटेच्या बाजूला, बाहेरून आवळायच्या. मीच कोरल्या होत्या त्या, एकेक करून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागे मागे सरकत उंबऱ्याशी गेले आणि वाकून चपला हातात घेतल्या. पायात घालायचंही सुचलं नाही. एवढं सगळं त्यानं जपून झाकून ठेवलेलं, आणि मी डबीत कापूस घालून घेऊन आले होते.

"आता खरं सांग," आई त्याला म्हणाली.

"पाणी शिरलं की दार बाहेरून आवळायचं... तसा नियमच असतो. नाहीतर सगळं जहाज जातं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "त्यांना माहीत होतं, आई. तो आत आहे, हे त्यांना माहीत होतं."

"मलाही माहीत होतं."

त्यानं मान वर केली.

"काड्यापेटीचं घर केलंस तरी तू आधी दार कापायचास," आई म्हणाली. "अजून लोकांच्या इमारतींची दारं कापतोस. आणि भावाच्या खोलीला दार नव्हतं म्हणतोस? शिडीचं सांगितलंस, त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला जपत होतास ना. म्हटलं, जपू दे. तुलाही कशाचा तरी आधार हवा." तिनं पदरानं ते दार पुसलं. मग विचारलं, "जहाजावरची बाकीची पोरं आली घरी?"

"आली. सगळी."

"मग हे नीट बसव. बंदच बसव. वाकडं बसलेलं मला चालायचं नाही."

त्यानं चिमट्यात दार धरलं. दोनदा भिंतीजवळ नेलं आणि दोनदा मागे घेतलं. आईनं माझ्याकडे बघितलं.

"आणि ती बघ, चपला हातात घेऊन उभी आहे. घराचं दार एकतर लाव, नाहीतर तिला आत घे. अर्धवट उघडं दार मला बघवत नाही."

तो आला. या वेळी माझ्या हातात छत्री नव्हती, त्यामुळे त्याला माझा हातच धरावा लागला. चपला त्यानं काढून घेतल्या आणि खाली ठेवल्या. "डॉक्टर," तो कसाबसा म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाहीये." मी चिमटा घेतला. त्यानं गोंद लावला, मी दार टेकवलं, आणि सुटेल म्हणून दोघांनीही बराच वेळ धरून ठेवलं. वाकडं बसलं नाही. मग आईनं स्वतः एकेक मजला उचलून वर ठेवला, शेवटचा ठेवताना तिचा बांध फुटला, आणि तो तिला जवळ घेऊन लहान मुलासारखा रडला. मी त्या दोघांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिघांनी मिळून जहाज उचललं आणि कपाटावर ठेवलं. टेबल रिकामं झालं. करड्या रंगाचा डाग काही केल्या निघेना, तेव्हा आईनं त्यावर ताट ठेवलं. तिनं तीन ताटं मांडली. चौथ्या खुर्चीकडे क्षणभर बघितलं, ती नीट आत सरकवली आणि भात आणायला गेली.

कप्तानानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि तो टवका उडालेला दात उघडा. झाकायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"बस," तो म्हणाला.

मी वाट बघितली. पुढचं 'जरा' आलंच नाही.

मी बसले.