नानांच्या फोनची नकार-नोंद

चंद्रावरून आईचा फोन दर रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी यायचा. गेले दोन रविवार तो आलाच नव्हता. आई ठणठणीत होती, तिचे लेखी निरोप येत होते. 'तुमचा फोन लागतच नाही,' असं तिनं कळवलं होतं. चांद्रतळाचा उपग्रह दापोलीवर नऊच मिनिटं असायचा, आणि तेवढ्यातच बोलता यायचं. मग घोळ कुठे होता?

शाल्मलीचं कशातच लक्ष लागेना. शेवटी तिनं फोनची नोंद उघडली. दोन्ही रविवारी त्या वेळी एक विक्रीयंत्र (माल खपवायला आपणहून फोन करणारा संगणक) नानांशी गाद्यांबद्दल बोलत होतं. चांगली वीस मिनिटं.

"नाना, तुम्ही फोन ठेवला का नाही?"

नाना म्हणजे आईचे वडील, निवृत्त दूरसंचार अभियंता. ते चष्मा पुसत राहिले. "तू आठवडाभर शाळेत, रविवारी आईचा फोन येईपर्यंत अंगणात असतेस. कुणी पाठदुखीची चौकशी केली की बरं वाटतं गं. दोन्ही रविवारी वेळेचं भानच राहिलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. शाल्मलीनं उचलला. तेच यंत्र होतं.

"आम्ही कधी हो म्हटलं होतं?" तिनं विचारलं.

"आपण नकार नोंदवलेला नाही," यंत्र नम्रपणे म्हणालं. "म्हणून होकार धरला आहे."

तिनं फोन ठेवला. "गप्प बसणं म्हणजे होकार कसा?"

"मलाही पटत नाही," नाना म्हणाले. "विकणाऱ्यानं बाजारात खुशाल ओरडावं. पण आपल्या दारात यायचं, तर आपली मर्जी हवी. निदान नको म्हणायची सोय तरी आहे, नकार-नोंद. तिच्या यादीत नाव घातलं की असे फोन बंद."

"पण त्या यादीतून आपला नंबर चोरांना मिळाला तर?"

नाना सरसावून बसले. "यादीत नंबर नसतोच. नंबराचं दळण (एकदिशा संकेत, ज्यावरून मूळ आकडे सहज काढता येत नाहीत) असतं. पिठातून ज्वारीचे दाणे परत काढता येतात का?"

"नाही. पण चोर सगळेच नंबर दळून ताडून बघेल की."

"बरोबर. म्हणून दळताना एक गुप्त आकडा मिसळतात. तो फक्त नोंद-केंद्राकडे असतो. यंत्रानं फोन करण्याआधी केंद्राला विचारायचं. केंद्र तो नंबर दळून यादीशी ताडतं. जुळला, की फोन करायला मनाई."

दोघांनी मिळून नकार नोंदवला. तो लागू व्हायला तीन दिवस लागले. मग घर इतकं शांत झालं, की नाना फोन बिघडला का म्हणून पुन्हापुन्हा बघायचे. शाल्मली शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्याजवळ बसू लागली. पाठदुखीची चौकशी आता ती करायची.

रविवारी ती चार वाजल्यापासून येरझारा घालत होती. चार-दहा झाले. चार-अकरा झाले. मग फोन वाजला.

चार मिनिटं ती आईशी भरभरून बोलली. "इथं 'आधी विचारा, मग फोन करा' असा नियम होणार आहे," आई म्हणाली. "तिकडेही होईल."

शाल्मलीनं घड्याळाकडे पाहिलं आणि फोन नानांच्या हातात दिला.