साठ वॅटची संध्याकाळ

"आधी शिडी धरा. ओळख मागनं सांगा!"

संयोगितानं वरूनच फर्मान सोडलं. फाटकातून नुकताच आत आलेला तो उंच तरुण क्षणभर गडबडला... मग हातातलं खोकं पायरीवर ठेवून निमूट शिडी धरून उभा राहिला. शर्टावर धूळ, कोपरावर ओरखडा, हातात खोकं. पलूसच्या दुकानातला पप्पू वायरी ओढायला येणार होता, त्यानं बदली माणूस पाठवलेला दिसतोय, असं तिनं ठरवून टाकलं. आणि संयोगितानं एकदा ठरवलं की ते बदलायला मोठी हिंमत लागायची.

विहिरीवरची मोटर चोरीला गेल्यापासून तिचे वडील आबा, म्हणजे निवृत्त सुभेदार उदयसिंह, कॅमेऱ्यांच्या मागे लागले होते. कुंडलच्या त्या घरासाठी त्यांनी आठ कॅमेरे आणले. सगळ्यांना एकत्र जोडणारा आणि त्याच वायरीतून वीज पुरवणारा स्विचही स्वतःच निवडून आणला. आठ कॅमेरे, आठ भोकं, झालं काम! लेक शिरवळच्या कारखान्यात हेच नेटवर्क सांभाळते, तिला एक फोन करावा, हे काही त्यांना सुचलं नाही, अशी तिची वरूनच कुरकुर चालली होती.

"म्हंजे स्विच चुकला?" खालून प्रश्न आला.

"भोकं मोजून स्विच घेत न्हाईत. त्याची ताकद बघायची असती. ह्यो साठ वॅटचा. दिवसा एक कॅमेरा चार-पाच वॅट खातो. अंधार पडला की त्याचं लाल दिवं लागत्यात, मग आठ खातो. करा गुणाकार."

"चौसष्ट. म्हंजे पंगत तेवढीच, रात्री भूक वाढणार, आणि भाकरी कमी पडणार."

तिनं पहिल्यांदाच नीट खाली पाहिलं. डोळे हसत होते त्याचे. चांगले होते डोळे — उगाच कशाला खोटं बोला!

"नवीन हायसा वाटतं तुमी दुकानात?"

"मी खरं तर दुकानात..."

"वायर द्या वर."

त्यानं वायर दिली. घेताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं, आणि ते दोघांनाही नीट जमलं नाही. उसाच्या फडावरून येणारं थंड वारं अंगणात घुटमळत होतं.

"जरा लवकर आवरा," ती म्हणाली. "संध्याकाळी मला बघायला येणार हायत."

शिडी हलली.

"अवो, धरा की नीट!"

"धरलीय... मग? पसंत हाय का मुलगा?"

"फोटोसुद्धा उघडला न्हाई मी. न्हाईच म्हणणार हाय. आधी दोघं येऊन गेलं. मुलगी पसंत, फक्त नोकरी सोडा!" ती हसली, पण आवाज जरासा अडखळला. लग्नाला तिची ना नव्हतीच. पण शिरवळची नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. ती कुणी सहज मागून न्यावी, याचा तिला फार राग यायचा.

"तिसरा तसा नसला तर?"

"समोर असल्यावर सगळीच गोड बोलत्यात. मागं काय बोलत्यात, ते ऐकायला पायजे."

त्यानं पुढची वायर वर दिली. विचारात पडल्यासारखा.

शेवटचा कॅमेरा लागल्यावर ती सोप्यात, घराच्या पुढच्या बैठकीत, लॅपटॉप घेऊन बसली. स्विचचा दुकानातून आलेला पासवर्ड बदलला. घरच्या मोबाइलची वाट वेगळी केली, कॅमेऱ्यांची वेगळी. मग क्रम लावायला घेतला.

"वीज कमी पडली तर आधी कुणाला उपाशी ठेवायचं, ते आपण सांगायचं. फाटक पहिलं, मग विहीर, गोठा... सोपा शेवटी. हितं माणसं असत्यातच. आणि सोप्यातल्या कॅमेऱ्याला माईक हाय बरं का! अंधारात लाल ठिपकं दिसलं की समजायचं, कुणीतरी बघतंय, ऐकतंय."

"आणि ठिपकं गेलं तर?"

"तर सुटलात! एकशेवीस वॅटचा मागवलाय मी. तवर असंच."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "हात धुऊन येतो," म्हणत तो खोकं उचलून गेला. संयोगिताही आत पळाली. आईनं साडी हातात कोंबली. केसांत गजरा माळता माळता तिची नजर माजघरातल्या टीव्हीकडे गेली. कॅमेऱ्यांचे आठही चौकोन झकास दिसत होते. फाटकाच्या चौकोनात पांढरी गाडी, हात जोडलेले आबा... आणि आबा ज्याच्या पाठीवर थाप मारत होते, तो... पप्पूचा माणूस?

सगळे सोप्यात आले. आवाज ऐकू येऊ लागला.

"आमी विट्यात बाळासोमामांना घ्यायला थांबलो, ह्यो वीरधवल फटफटीवरनं फुडं आला," त्याची आई सांगत होती. "वाटंत एका गाईचं बाळंतपण केलं म्हणं. जनावरांचा डॉक्टर, कापडं कवाच धड नसत्यात!"

संयोगिता गजरा सोडून टीव्हीसमोर सरकून बसली. 'न्हाईच म्हणणार' हे आपण नवऱ्या मुलालाच ऐकवलं! आणि त्यानं मुकाट शिडी धरली! चौकोनातल्या त्या ओरखडा लपवणाऱ्या पठ्ठ्यानं तेवढ्यात वर, थेट कॅमेऱ्यात पाहिलं. भुवई उडवली. मुलगी बघायला आलेला मुलगा, आणि मुलगी त्यालाच बघत बसलेली... तिचे कान तापले. तो तिला आवडला होता. शिडीवरच आवडला होता.

बाहेर दिवस मावळला. तेवढ्यात बाळासोमामांनी घसा खाकरला.

"बाकी सगळं झ्याक हाय. पर लग्नानंतर पोरीला शिरवळची नोकरी सोडावी लागंल. वडूजला दवाखाना हाय आमचा."

आता तो छानच बोलणार. मी ऐकतेय हे ठाऊक आहे ना त्याला! मग त्यातलं खरं किती धरायचं?

आणि सोप्याचा चौकोन काळा झाला. अंधार पडला होता. बाकीचे सात कॅमेरे मजेत होते. क्रम तिचाच, बोलणार कुणाला?

ती उठली. अनवाणीच दाराआड जाऊन उभी राहिली. फटीतून तो दिसत होता. त्यानं वर पाहिलं. लाल ठिपके विझले होते. तो ते बघत राहिला... मग मामांकडे वळला.

"मामा, नोकरी ती सोडणार न्हाई. दवाखाना मी हलवीन."

"आरं, बसलेला जम मोडतोस व्हय?"

"तिचाबी बसलेलाच हाय की. माझं काय, जनावरं शिरवळलाबी आजारी पडत्यात. आणि ती मला न्हाई म्हणाली तरी मी बोललो ते बदलत न्हाई."

संयोगिताचे डोळे भरून आले. चहाचा ट्रे आत तसाच राहिला. ती मोकळ्या हातांनी सोप्यात येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"कॅमेरा बंद पडलाय."

"दिसलं मला."

"मग कुणाला ऐकवत हुतासा?"

"मामांना," तो म्हणाला, आणि लाजला. जनावरांचा एवढा मोठा डॉक्टर, कानापर्यंत लाल!

"ओळख हाय व्हय तुमची?" आबा चक्रावले.

उत्तर द्यायचं सोडून तिनं त्याच्या मांडीवरच्या खोक्याकडे बोट केलं. "ह्यात काय हाय?"

"साताऱ्याचे कंदी पेढे. दुपारीच देणार हुतो. तुमी बोलू दिलं तर ना!"

तिनं खोकं उघडलं, एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा त्याच्या हातावर ठेवला. मग वडिलांकडे वळून अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाली,

"आबा, मोठा स्विच आला की पप्पूला बोलवू नका. शिडी धरायला माणूस मिळालाय."