आत्याच्या उशाशी टीं-टीं

ऐका, यात एक अक्षर माझ्या पदरचं नाही. पटत नसेल तर सुश्रुतला फोन लावा. उचलला, तर.

सुश्रुत माझा मावसभाऊ. बनारसला राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतो. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची मृणालिनीआत्या. आई-वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. आता तिला दिसत नाही, पलंगावरून उठता येत नाही.

सकाळी हा बँकेत निघणार. दाराला बाहेरून कुलूप. किल्ली ह्याच्याच खिशात.

मग दिवसभर आत्या एकटी.

भानगड होती दुपारच्या गोळीची. हृदयाची गोळी, चुकवून चालणारच नाही. म्हणून पठ्ठ्यानं यंत्र बनवलं. सकाळी चालू केलं की आतली चिप सहा तास मोजणार आणि लांब शिटी देणार. आत्या चाचपून वाटीतली गोळी घेणार.

आधी बाजारातला तयार बोर्ड होता, त्याला नुसत्या तारा खोचलेल्या. झकास चाललं. पण आत्याचा हात लागून तारा निघायच्या. म्हणून गेल्या जानेवारीत त्यानं स्वतःचा पक्का बोर्ड केला. तीच चिप, तोच प्रोग्रॅम, सगळं सोल्डर करून एकदम चकाचक.

आणि पहिल्याच संध्याकाळी...

गोळी वाटीत तशीच.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानं परत सोल्डर केलं, अडॅप्टर बदलला. काही फरक नाही. मग एका संध्याकाळी आत्याचे ओठ निळसर दिसले आणि हा टरकला. रजा टाकली. तिथल्याच एका दोस्ताला, अनिमेषला, फोन लावला.

तो हसायलाच लागला. "रीसेट वाली पिन हवा में छोड़ दिए हो का, गुरु?"

म्हणजे काय, तयार बोर्डात त्या पिनेला रेझिस्टर आधीच लावलेला असतो. स्वतःच्या बोर्डावर सुश्रुत तो लावायलाच विसरला. पिन अशी मोकळी राहिली की नुसता हात जवळ नेला तरी चिप दचकते, टीं-टीं करते, आणि मोजणी परत शून्यापासून.

सुश्रुतनं हात जवळ नेला.

टीं-टीं.

चूक सापडली. स्वारी खूश.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं...

बोर्डाला आत्याचा हात लागू नये म्हणून त्यानंच उशामागच्या उंच कोनाड्यात ठेवला होता. तिचा हात तिथं पोचतच नाही.

मग रोज दुपारी हात कोण नेत होतं?

त्यानं आत्याला विचारलं, मी नसताना ही टीं-टीं ऐकू येते का.

"येते की. तू आलास की वाजते." आत्या हसली. "बँकेतून मधेच येऊन बसतोस, कपाळावर हात ठेवतोस. बरं वाटतं रे. पण बोलत का नाहीस?"

बाहेर धुकं. भर दुपारी खिडकीतून गंगा दिसत नव्हती. घाटावर कुणाचा आवाज नाही.

काय सांगणार तिला? की तो मी नव्हतो? किती दिवसांनी हसली होती ती.

गोळी महत्त्वाची. त्यानं रेझिस्टर लावून टाकला.

टीं-टीं बंद. शिटी वेळेवर. वाटी रिकामी.

पण संध्याकाळी आत्या म्हणायचीच, आज बराच वेळ बसलास.

आता तर कोण कधी येतंय, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

शेवटी त्यानं एक दिवस परत रजा टाकली. आत्याला न सांगता. "येतो गं" म्हणाला, दार आपटलं, आणि आतच थांबला. तिच्या पलंगाशी स्टुलावर. श्वास रोखून.

दुपार झाली. शिटी वाजली. तिनं गोळी घेतली.

कोणी आलं नाही.

ती एवढीशी झालेली, एकटी पडून होती. त्याला राहवेना. हळूच तिच्या हातावर हात ठेवला.

आत्यानं झटक्यात हात ओढून घेतला. "कोण?"

"आत्या, मी. सुश्रुत."

ती दचकली. मग तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. भिंतीकडे... जिथं माणूस बसायला जागाच नाही.

आणि हळू आवाजात म्हणाली,

"सुश्रुत, बघ रे बाळा, कोण आलंय."

...

त्यानं नोकरी सोडली. दिवसभर घरीच असतो. आत्या हल्ली खूप बोलते.

त्याच्याशी नाही.

परवा मी फोन केला तेव्हा मागे तिचा आवाज येत होता. बोलायची, थांबायची, हसायची. एकदा ती थांबली तेव्हा मी कान लावून ऐकलं...

आणि फोन ठेवून दिला.