एक राणीघर शिल्लक

स्कूटरचं उजवं हँडल.

तीनशे किलोमीटर.

आईचा प्रश्न : "माश्या बघायला येतो, वर टोपी घालतो, मग भांग कशाला पाडतो गं?"

भुईमुगाच्या शेंगेएवढं, उलटं लटकणारं मेणाचं घर.

माझ्याकडे मधमाश्यांच्या सात पेट्या. एका सकाळी एकीतला थवा राणीसकट घर सोडून उडाला आणि कोपऱ्यावर कुणाच्या तरी स्कूटरच्या हँडलला लटकला. मी धापा टाकत पोचले, तर मालक शांतपणे शेजारी उभा.

"माश्या तुमच्या?"

"हो. स्कूटर तुमची?"

"सध्या तरी त्यांची."

तो मधमाशीपालन शिकवायला एका हंगामापुरता आला होता. त्याने थवा अलगद खोक्यात झटकला आणि वर मलाच झापलं. "दाटी झाली की त्या राणीघरं बांधतात. आत नवी राणी वाढते, आणि जुनी निम्मं घर घेऊन निघते. दर आठ दिवसांनी ती घरं शोधून मोडायची. एकही सुटता कामा नये."

"मला नाही दिसत ती..."

"मग मी येतो."

मला दिसत होती. चांगली दिसत होती.

आठवा दिवस कसा यायचा आणि कसा संपायचा, कळायचं नाही. माश्यांना शांत करणारं धुरांडं माझ्या हातात, पोळ्याच्या चौकटी त्याच्या. टोपीच्या जाळीआडून डोळे धड दिसत नसत — मी बोटं बघायचे. मधले सात दिवस मात्र... सरता सरायचे नाहीत.

"शनिवारी निघतोय," एकदा तो म्हणाला. "नोकरी लागली. तीनशे किलोमीटरवर."

"बरं झालं की," मी म्हणाले. जीभच ती!

त्या दिवशी तिसऱ्या चौकटीच्या खालच्या कडेला एक राणीघर होतं. मी बोटानं माश्या त्यावर सरकवल्या.

"यात काही नाही."

त्याने चौकट हातात घेतली. जरा जास्तच वेळ पाहिली... आणि परत ठेवली.

मंगळवारी दुपारी मी फोन केला.

"थवा उडाला. समोरच्या फांदीवर बसलाय."

"म्हणजे एक सुटलं."

"सुटलं नाही. मी सोडलं."

पलीकडे किल्ल्यांचा आवाज.

"पाच तास लागतील मला. तोवर थांबतील?"

"माश्यांचं सांगता येत नाही," मी म्हणाले. "मी थांबेन."

फोन केला, तेव्हा फांदी रिकामी होऊन तास झाला होता.